रिपोर्टातलं कोलिनेस्टरेज: एक सुटं, एक दाव्याला बांधलेलं

फवारणीच्या दिवसांत आमच्याकडे कुणाला तरी भोवळ येते, तोंडातून लाळ गळते, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. तालुक्याला नेलं की रक्त तपासतात आणि रिपोर्टावर ‘कोलिनेस्टरेज’ असं लिहून येतं. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली. पण या नावाची रक्तात दोन विकरं (एन्झाइम) आहेत आणि लोक त्यांना एकच समजतात.

एक रक्तद्रवातलं. यकृताच्या पेशी ते बनवतात आणि रक्तात सोडून देतात. दुसरं तांबड्या पेशीच्या अंगावर बसलेलं. मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात तिथलं, निरोपाचं रसायन मोडणारं विकर ज्या जनुकातून येतं, त्याच जनुकातून हेही येतं. म्हणून मज्जातंतूंचं काय झालं असेल, याचा अंदाज ह्याच्यावरून जास्त चांगला लागतो. फवारणीचं ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशक मात्र दोघांनाही निकामी करतं.

पेशीत बनून बाहेर पडायची दोघांची वाट एकच: आंतर्द्रव्यजालिका (जिथे अशी प्रथिनं बनतात), मग गॉल्गी संकुल (जिथून ती पुढे पाठवली जातात), मग पेशीपटल. फरक पडतो तो सुरुवातीलाच. अस्थिमज्जेत तांबडी पेशी तयार होत असताना, जालिकेतच ह्या दुसऱ्या विकराची शेपटी छाटली जाते आणि तिथे जीपीआय नावाचं साखर-स्निग्धाचं दावं जोडलं जातं. बैल खुंट्याला बांधावा तसं ते पटलात रोवलं जातं. पुढे अडचण अशी की जालिकेतून प्रथिनं नेणारे पटलाचे फुगे काढणारं कॉपी-टू नावाचं आवरण पटलाच्या दुसऱ्या बाजूला असतं. दाव्याचं प्रथिन सगळं आतल्या अंगाला, पटलाच्या आरपार त्याचं काहीच जात नाही. आवरणाने धरायचं काय? मग पी-24 कुटुंबातली आरपार उभी असलेली प्रथिनं मधे येतात. आतून ती दावं धरतात, बाहेरून आवरण. मला ही व्यवस्था फार आवडते. फुगा शेवटी पेशीपटलाला मिळतो तेव्हा त्याचं आतलं अंग बाहेर उलटतं, आणि विकर पेशीच्या बाहेरच्या बाजूला बांधलेलं राहतं. यकृतातलं सुटं विकर त्याच वेळी रक्तात वाहून जातं.

पिकलेल्या तांबड्या पेशीत ना केंद्रक, ना जालिका. मारलं गेलेलं विकर तिला पुन्हा बनवता येत नाही. ती साधारण 120 दिवस जगते, म्हणून नव्या पेशी येतील तसतसं, दिवसाला जेमतेम 1 टक्का, ते भरून निघतं. यकृत आपलं विकर काही आठवड्यांत पुरवतं. उलट यकृताच्या आजारात किंवा कुपोषणात, फवारणी न करताही हा सुट्याचा आकडा खाली येतो.

शेजारच्या काकांचा पाच आठवड्यांनंतरचा रिपोर्ट नॉर्मल आला. पाठीवर पंप घेऊन ते पऱ्हाटीकडे निघालेच होते. काकू दारातून म्हणाल्या, “अवो, एकडाव त्याले दाखवा तं.” मी कागद उजेडात धरला. वर ‘सीरम’ लिहिलेलं होतं, म्हणजे सुट्याचा आकडा. तांबड्या पेशींची तपासणी झालीच नव्हती. काका उंबऱ्यावर बसले, माझं सगळं ऐकून घेतलं आणि पंप परत कोठ्यात ठेवला.