मुंबईची वाट आणि गावातली जागा : सातारा-सांगलीच्या स्थलांतर-साहित्याची पार्श्वभूमी

स्थलांतर, स्मृती आणि पूर्वजांच्या भूमीकडे परतणे असा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा परदेशी स्थायिक झालेल्यांच्या लेखनाची चर्चा सुरू होते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांपुरते पाहिले तर ही परंपरा त्याहून जुनी आहे आणि तिचा पल्ला बहुतेक वेळा मुंबईच्या पुढे जात नाही. तिला आकार दिला तो इथल्या पावसाने, गिरण्यांनी, धरणांनी आणि गावगाड्याने. परत यायचे की नाही, हा प्रश्न या साहित्यात फारसा पडत नाही. परत आल्यावर गाव आपल्याला कुठे बसवणार, हाच त्यातला खरा पेच आहे.

आधी भूगोल. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच डोंगररांगेच्या पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात तो पाचशेच्या आसपास रेंगाळतो. मधल्या कृष्णाकाठाला बागायत लाभली, पण दोन्ही टोकांची माणसे बाहेर पडत राहिली : जावळी-पाटणची डोंगरउताराच्या तुकड्यांवर भागत नाही म्हणून, आणि माणदेशातली दुष्काळाने. १८७६ ते ७८च्या दुष्काळाने दख्खनची कंबर मोडली, त्याच काळात मुंबईत कापडगिरण्या वाढत होत्या. पुढे बंदर आणि घाऊक बाजारांतल्या माथाडी कामातही सातारकडचाच माणूस मोठ्या संख्येने शिरला. १९६९च्या माथाडी कायद्यामागचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच होते.

या स्थलांतराची एक खूण साहित्य समजून घ्यायला फार उपयोगी पडते. गिरणगावात एकाच गावचे पुरुष मिळून खोली घेत, पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने तिथे झोपत, खानावळीत जेवत आणि मनिऑर्डर गावी धाडत. बायको, आईबाप आणि सातबारा गावातच राहत. त्यामुळे मुंबई हा मुक्काम ठरला आणि गाव हे घर राहिले. विरहाचे मराठी गाणे या व्यवस्थेतूनच बळकट झाले. तसे पाहता, सासरी गेलेल्या बाईने जात्यावर माहेर आठवत गायलेल्या ओव्या हे आपल्याकडचे त्याहून जुने परतीचे वाङ्मय म्हणावे लागेल. पण त्याची नोंद स्थलांतर-साहित्यात अजूनही सहसा केली जात नाही.

अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगावचा. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होते; १९४९मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६०मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. लहानपणी हे कुटुंब वाटेगावहून पायी मुंबईला गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजलेली त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड मुंबईकर चाकरमान्याच्या विरहाने सुरू होते आणि बघता बघता बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मुलखाकडे वळते. खाजगी ताटातूट आणि राजकीय ताटातूट एकाच चालीवर बांधण्याची ही युक्ती पुढे कुणाला इतकी साधलेली दिसत नाही. १९५९च्या ‘फकिरा’त मात्र त्यांनी गावाकडे पाहिले ते वेगळ्या नजरेने. तिथे गाव हे ओढ लावणारे ठिकाण तर आहेच, शिवाय मांग समाजाच्या भुकेचे आणि बंडाचेही ठिकाण आहे.

व्यंकटेश माडगूळकर आटपाडी भागातल्या माडगूळचे. हा मुलूख त्या वेळी औंध संस्थानात होता. १९५५च्या ‘बनगरवाडी’त तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला येतो, गावकऱ्यांना घेऊन तालीम बांधतो, आणि मग पाऊस दडी मारतो. मेंढरांसह वाडी उठून जाते. स्थलांतराची बहुतेक वर्णने जाणाऱ्याच्या बाजूने लिहिली जातात; इथे ती रिकाम्या होत जाणाऱ्या वाडीच्या बाजूने लिहिली आहे, म्हणून ही छोटीशी कादंबरी या विषयाच्या मुळाशी ठेवायला हवी.

ज्याला गावात मानाची जागाच नव्हती त्याने परतायचे कशाकडे, हा प्रश्न दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी उघड केला. आटपाडीचे शंकरराव खरात यांचे ‘तराळ-अंतराळ’ १९८१चे. तराळकी, म्हणजे गावाची निरोप-दवंडीची चाकरी, करणाऱ्या महाराच्या घरातून निघालेला हा माणूस पुढे विद्यापीठाचा कुलगुरू झाला, पण त्याच्या आठवणीतले गाव वेशीबाहेरून पाहिलेले आहे. त्याच्या आदल्या वर्षी आलेले लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणखी पुढचे सांगते. फलटण तालुक्यातल्या या कैकाडी लेखकाचे बिऱ्हाड गाढवावर होते. फोकाच्या टोपल्या, कणग्या विणायच्या, त्या खपल्या की पुढचे गाव धरायचे. जिथे पूर्वजांची भूमीच नाही, तिथे स्मृती ठिकाणाला चिकटत नाही, ती कामाला, वाटेला आणि अपमानाला चिकटते. घर सोडून गेलेल्यांच्या हळव्या लेखनाला या पुस्तकाने दिलेला धक्का मला आजही पुरेसा ओळखला गेलेला वाटत नाही.

कोयनेने तर गावच उचलले. पाटण तालुक्यातील धरणाचा शिवसागर जलाशय साठच्या दशकाच्या सुरुवातीला भरू लागला. खोऱ्यातली माणसे सातारा-सांगलीच्या इतर भागांत आणि थेट ठाणे, कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांपर्यंत पांगली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा स्वतंत्र कायदा आला तो १९७६चा, म्हणजे कोयनेचे लोक उठल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. त्यामुळे हक्काच्या जमिनीसाठीची त्यांची लढाई पुढच्या पिढ्यांवर येऊन पडली. शेजारच्या वारणा खोऱ्यातही चांदोली धरणाने तेच घडवले. धरणग्रस्तांवरची विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ १९९१मध्ये आली आणि तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तोपर्यंत ही वेदना अर्ज, मोर्चे आणि सभांतल्या भाषणांतच अधिक नोंदली गेली होती. अशा विस्थापितांची परत जाण्याची कल्पनाच निराळी असते. नव्या वसाहतीत जुन्या गावाचे नाव, ग्रामदैवत आणि यात्रेची तिथी सोबत नेली जाते. जमीन तेवढी नेता येत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतल्या अनेकांना गावी परतावे लागले. हे परतणे कुणी स्वप्नात पाहिले होते तसे नव्हते. भावकीने कसलेल्या शेतात वाटा मागायचा, वर्षानुवर्षे पैसे पाठवणारा माणूस आता खाणारे एक तोंड व्हायचा. मुंबईच्या बाजूने या संपावर बरेच लिहिले गेले; गावी उतरलेल्या कामगाराच्या घरात काय झाले, हा भाग त्या मानाने कोराच राहिला आहे.

तीच गत गलाई व्यवसायाची. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि खटाव-माणमधली कुटुंबे देशभरच्या सराफ पेठांत पसरली. कारागिरांच्या दुकानांतली झाडलोटीची धूळ गोळा करायची, मुशीत वितळवायची, तेजाबाने त्यातले सोने-चांदी वेगळे करायचे, असे हे काम. यात्रेला ही मंडळी हमखास गावी येतात, देवळांचे जीर्णोद्धार करतात, विट्याच्या आसपास टोलेजंग घरे बांधतात आणि ती वर्षभर कुलूपबंद ठेवतात. त्यांची मुले मात्र तमिळनाडू, केरळ, उत्तर प्रदेश अशा ठिकाणी तिथल्या भाषांतून शिकली. त्यांच्यापैकी कुणी उद्या आजोळाविषयी, वाडवडिलांच्या गावाविषयी लिहायला बसले तर ते मराठीतच लिहील, असे धरून चालता येणार नाही.