वैद्यकीय वस्त्रांची सूक्ष्मजीवरोध चाचणी

जखमेवरील गॉज व पट्ट्या, शस्त्रक्रियेच्या वेळी घालावयाचे गाऊन, रुग्णावर पसरावयाच्या चादरी, मुखपट्ट्या आणि रुग्णशय्येची वस्त्रे सूक्ष्मजीवांना किती रोखतात, हे प्रयोगशाळेत ठरविण्याच्या पद्धतींचा हा समूह आहे. त्याच्या दोन शाखा आहेत. वस्त्रावर पडलेले सूक्ष्मजीव मरतात किंवा त्यांची वाढ खुंटते का, हे पहिली शाखा पाहते. सूक्ष्मजीव वस्त्रातून आरपार जातात का, हे दुसरी पाहते. एका शाखेत उत्तम ठरलेले वस्त्र दुसरीत पूर्ण नापास होऊ शकते. खरेदीच्या व्यवहारात या दोहोंची गल्लत वारंवार होत असल्याने हा भेद सुरुवातीलाच स्पष्ट करणे आवश्यक आहे.

सूक्ष्मजीवरोधी वस्त्राचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. राळ व वनस्पतिजन्य डिंक लावलेल्या ईजिप्तमधील ममींच्या पट्ट्यांपासून काही लेखक हा इतिहास सुरू करतात. दुसरा पक्ष जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कार्बॉलिक अम्लाच्या उपचारपद्धतीकडे आणि त्यानंतर काही वर्षांत प्रचारात आलेल्या कार्बॉलिक गॉजकडे बोट दाखवितो. तिसरा पक्ष गेरहार्ट डोमाक यांनी १९३५ मध्ये चतुर्थक अमोनियम संयुगांचा (धनभारी जंतुनाशक रसायनांचा) जीवाणुनाशक गुण दाखविला, तेथून आधुनिक परिष्करणाचा, म्हणजे वस्त्रावरील रासायनिक संस्काराचा, काळ मोजतो. ममींच्या पट्ट्यांचा दाखला आकर्षक असला, तरी त्यामागे सूक्ष्मजीवांची कल्पना नव्हती. म्हणून वस्त्राच्या इतिहासासाठी लिस्टर यांचा काळ अधिक ग्राह्य वाटतो. चाचणीचा इतिहास मात्र आणखी थोडा पुढे सुरू होतो, कारण मोजणीसाठी जीवाणूंच्या सुट्या वसाहती दिसाव्या लागतात. ती सोय रॉबर्ट कॉख यांनी १८८१ च्या सुमारास प्रचारात आणलेल्या घन माध्यमांमुळे आणि १८८७ मधील पेट्री बशीमुळे झाली. त्या माध्यमात जिलेटिनाची जागा लवकरच अगर या जेलीसारख्या पदार्थाने घेतली. अगर लाल शैवालांपासून मिळतो. जीवाणुशास्त्रासाठी तो मुख्यत्वे जेलिडियम या प्रजातीपासून काढतात, तर रत्नागिरी व मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला उघडी पडणारी ग्रॅसिलेरिया हीदेखील अगर देणारीच प्रजाती आहे.

गुणात्मक चाचण्यांत वस्त्राचा तुकडा जीवाणू पेरलेल्या अगरवर ठेवून त्याच्या भोवती व खाली वाढ होते का, हे पाहतात. अमेरिकन असोसिएशन ऑफ टेक्स्टाइल केमिस्ट्स अँड कलरिस्ट्स या १९२१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची पद्धत क्र. १४७ आणि आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संघटना) २०६४५ : २००४ या त्यांपैकी प्रचलित आहेत. तुकड्याभोवतीचे वाढरहित वलय मोठे, म्हणून वस्त्र अधिक प्रभावी, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. वलय हे रसायन अगरमध्ये किती पाझरते याचे द्योतक असते, आणि धाग्याशी घट्ट बांधलेले परिष्करण वलय न देताही स्पर्शाने जीवाणू मारू शकते.

निर्णायक मानल्या जातात त्या परिमाणात्मक चाचण्या. वरील अमेरिकन संस्थेची पद्धत क्र. १०० आणि आयएसओ २०७४३ या त्यांतील प्रमुख होत. दुसरीची पहिली आवृत्ती २००७ मध्ये निघाली आणि तिच्यावर जपानी मानक जेआयएस एल १९०२ चा प्रभाव उघड आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा ग्रॅम-रंजी (ग्रॅम रंजनात जांभळा रंग धरणारा) आणि क्लेब्सिएला न्यूमोनिई हा ग्रॅम-अरंजी (तो रंग न धरणारा) जीवाणू सामान्यतः वापरतात. आयएसओच्या शोषण पद्धतीत ०.४ ग्रॅम वस्त्रावर दर मिलिलिटरला १ ते ३ लक्ष जीवाणू असलेला ०.२ मिलि. संवर्ध (वाढविलेल्या जीवाणूंचा द्रव) टाकतात आणि ३७° से. तापमानाला १८ ते २४ तास ठेवतात. नंतर जीवाणू हलवून सुटे करून, विरल करून, अगरवर वाढवून मोजतात. परिष्कृत व साध्या वस्त्रावरील वाढींच्या लॉगरिथममधील फरक म्हणजे क्रियाशीलता-मूल्य : ते २ ते ३ असल्यास परिणाम लक्षणीय, आणि ३ किंवा अधिक असल्यास प्रबळ समजतात. २ म्हणजे ९९ टक्के घट आणि ३ म्हणजे ९९.९ टक्के घट. टक्केवारीत हा फरक किरकोळ भासतो, पण वाचलेल्या जीवाणूंची संख्या दोहोंत दहापटीने वेगळी असते.

या कृतीत दोन ठिकाणी अहवाल बिघडतो. पहिले ठिकाण उदासीनीकरणाचे आहे. वस्त्रातून सुटलेले रसायन धुवणाच्या द्रवात क्रियाशील राहिले, तर ते मोजणीच्या बशीतही जीवाणू मारत राहते आणि वस्त्राच्या खात्यावर नसलेले श्रेय जमा होते. म्हणून लेसिथिन व पॉलिसॉर्बेट ८० असलेले द्रव वापरतात, आणि ते त्या विशिष्ट रसायनाला खरोखर निष्प्रभ करतात का, हे वेगळे तपासावे लागते. दुसरे ठिकाण नियंत्रण-वस्त्राचे. साध्या वस्त्रावर जीवाणूंची अपेक्षित वाढ झाली नसेल, तर चाचणी अवैध ठरते. ज्या अहवालात नियंत्रणाचे आकडे नाहीत, त्यातील टक्केवारीवर विसंबू नये.

आरपार जाण्याच्या चाचण्यांची प्रेरणा बेक व कॉलेट यांच्या १९५२ मधील निरीक्षणांत सापडते : सुती गाऊन ओला झाला की त्यातून जीवाणू सहज पार होतात, हे त्यांनी दाखविले. आयएसओ २२६१० मध्ये नेमकी हीच स्थिती उभी करतात. जीवाणूयुक्त पटल, त्याखाली वस्त्र आणि त्याखाली अगर अशी रचना करून वरून बोटासारख्या दांड्याने ओल्या अवस्थेत घासतात. पाच बशा प्रत्येकी १५ मिनिटे क्रमाने बदलतात. काहीच पार न झाल्यास रोध-निर्देशांक ६.० मिळतो. रक्तजन्य विषाणूंसाठी फाय-एक्स १७४ हा सुमारे २७ नॅनोमीटर व्यासाचा जीवाणुभक्षी विषाणू वापरतात; तो माणसाला निरुपद्रवी असून आकाराने रक्तजन्य यकृतशोथाच्या (हिपॅटायटिसच्या) विषाणूंहून लहान आहे. मुखपट्ट्यांसाठी सरासरी ३ मायक्रोमीटर आकाराच्या जीवाणूयुक्त तुषारांची गाळणक्षमता मोजतात. भारतीय मानक आयएस १६२८९ या मुखपट्ट्यांविषयी आहे. संपूर्ण शरीर झाकणाऱ्या पोशाखांसाठी आयएस १७४२३ हे मानक २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, आले.

कोकण किनाऱ्याच्या दृष्टीने या पद्धतींचे मूल्यमापन वेगळे करावे लागते. चाचणीपूर्वी नमुने ठराविक हवेत ठेवतात. भारतीय प्रथेत ती २७° से. व ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता असते. पावसाळ्यात पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतची आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर राहते. ६५ टक्क्यांना कापूस कोरड्या वजनाच्या सुमारे ७ ते ८ टक्के पाणी धरतो. आर्द्रता वाढली की हे प्रमाण झपाट्याने चढते आणि धुतलेले कपडे दांडीवर दोन-दोन दिवस ओलसर राहून त्यांना बुरशी येते. या पट्ट्यातील रुग्णालयांसाठी म्हणूनच ओल्या अवस्थेतील आरपार-चाचणी आणि कवकरोध (बुरशीरोध) चाचणी यांना कोरड्या टक्केवारीपेक्षा अधिक वजन द्यावे, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे. वरील अमेरिकन संस्थेच्या पद्धत क्र. ३० मध्ये कवकरोधाचे चार प्रकार आहेत. कीटोमियम ग्लोबोसम हे कवक सेल्युलोज खाऊन कापसाची ताकद घटविते. ॲस्परजिलस नायजर कापूस फारसा कुजवीत नाही, पण खळ व परिष्करणद्रव्यांवर वाढून डाग पाडते. चौथा प्रकार दमट बरणीचा असून किनाऱ्यावरील कपाटांची स्थिती त्यात सर्वांत जवळून उतरते.

धुलाईचाही प्रश्न आहे. टिकाऊपणाचा दावा ठराविक धुण्यांनंतरच्या चाचणीवर उभा असतो, आणि ती धुणी प्रमाणित साबण व नियंत्रित पाण्यात होतात. खाडीकाठच्या अनेक विहिरींचे पाणी मचूळ असते. क्लोराइडामुळे चांदीचे आयन अविद्राव्य सिल्व्हर क्लोराइडाच्या रूपात अडकतात व त्यांचा परिणाम घटतो. ऋणभारी प्रक्षालके (डिटर्जंट) चतुर्थक अमोनियम परिष्करणाला निष्प्रभ करतात. म्हणून नमुना प्रयोगशाळेत पाठविण्यापूर्वी तो रुग्णालयाच्याच धुलाईतून काढणे अधिक माहितीचे ठरते.

उत्तर कोकणात, मुंबईत, बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन आणि १९३३ मध्ये स्थापन झालेली रसायन तंत्रज्ञान संस्था ही वस्त्रसंशोधनाची केंद्रे आहेत. वैद्यकीय वस्त्रांचे राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र कोइम्बतूरच्या साउथ इंडिया टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशनकडे असून २०२० मध्ये संरक्षक पोशाखांच्या कृत्रिम रक्तरोध चाचण्या प्रथम तेथे व ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत झाल्या.