पाचट, पिवळा खोडवा आणि एका वर्षाची रजा

बेळगाव जिल्ह्यात चिकोडी-रायबागकडे ऊस तोडून टोळी पुढच्या फडात गेली की मागे पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पेटतात. का पेटवलं म्हणून विचारा, उत्तर ठरलेलं: "ठेवलं की खोडवा पिवळा पडतोय." पाचट जाळू नका म्हणणारे बरेच जण हा गैरसमज समजून सोडून देतात. पण शेतकऱ्याने पाहिलेलं खरं आहे. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेलं पीक, पिवळा पडतो, आणि त्यामागचं कारण फार सुंदर आहे.

पाचट कुजवतात जिवाणू आणि बुरशी. त्यांच्या शरीरात साधारण आठ भाग कर्बामागे (कार्बन) एक भाग नत्र (नायट्रोजन) असतं. खाल्लेला सगळा कर्ब मात्र त्यांच्या अंगी लागत नाही. सुमारे दोन तृतीयांश कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. म्हणजे आठ भाग अंगी लागायला चोवीस भाग खावे लागतात, आणि त्या चोविसांमागे एक भाग नत्र हवंच. उसाच्या पाचटात शंभर भाग कर्बामागे जेमतेम एक भाग नत्र असतं. गरज चाराची, हाती एक. उरलेलं ते मातीतून उचलतात. मातीतलं अमोनियम आणि नायट्रेट, म्हणजे पिकाला घेता येणारं नत्र, उसाच्या आधी तेच गाठतात, कारण ते कणाकणाला चिकटून बसलेले असतात आणि खोडव्याची नवी मुळं अजून फुटतच असतात. उसाला नत्र कमी पडतं, आणि पान पिवळं होतं.

हिशोब करून बघा. एक टन वाळलेल्या पाचटात कर्ब सुमारे 400 किलो, नत्र 4 किलो. लागणार 16 किलोच्या वर. तूट 12 किलोची. ती एकदम पडत नाही, कारण जमिनीला टेकलेलं पाचट आधी कुजतं आणि वरचं महिनोन्महिने तसंच राहतं. म्हणून सुरुवातीला थोडा जादा युरिया दिला की पिवळेपणा आवरतो. मात्र तो पाचटावर नुसता पसरून ठेवू नये, अमोनिया होऊन उडतो. लगेच पाणी द्यावं.

जिवाणूंनी उचललेलं नत्र शेतातच असतं. ते मरतात, दुसरे जीव त्यांना खातात, दर फेरीत कर्ब उडतो, आणि नत्रामागे कर्बाचं प्रमाण चोविसाच्या खाली उतरलं की नत्र पुन्हा मातीत सुटू लागतं. जाळलं तर ते धुरात गेलं; राखेत पालाश-स्फुरद तेवढं उरतं. 'आठ दिवसांत पाचटाचं खत' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांनाही हे गणित चुकवता येत नाही. जिवाणू कुठलेही आणा, नत्र त्यांनाही लागतं.

हे नत्र पिकाला परत कधी मिळतं, ते माती आणि पाण्यावर ठरतं. अथणीच्या काळ्या रानात एक उत्तर, त्याच जिल्ह्यातल्या खानापूरच्या मुसळधार पावसात दुसरं. ते शोधायचं तर लागण (नवा लावलेला ऊस), खोडवा, निडवा (खोडवा तोडल्यावर पुन्हा फुटलेला) अशी तीन पिकं बघावी लागतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांत हे शोधणाऱ्या प्राध्यापकाला संशोधनासाठीची सबॅटिकल रजा एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षाची, आणि साऱ्या नोकरीत दोन वर्षांची. एका वर्षात त्याला फक्त पिवळा खोडवा दिसेल, आणि अहवालही तसाच निघेल.

माझं म्हणणं असं, की शाश्वत शेतीसाठी अनुदान देणाऱ्यांनी रजेची ही दोन वर्षं दोन भागांत द्यावीत: एक खोडव्याला, एक निडव्यानंतरच्या पिकाला. मधल्या काळात मातीचे नमुने शेतकरी आणि विद्यार्थी काढतील, त्यांच्या तपासणीचा खर्च आधीच मंजूर असावा. अमेरिकेत 1988 मध्ये सरकारने शाश्वत शेतीच्या संशोधन आणि शिक्षणासाठी 'सेअर' हा कार्यक्रम सुरू केला. देशाचे चार विभाग पाडून तो चालतो, आणि त्यात शेतकऱ्यालाही स्वतःच्या रानातल्या प्रयोगासाठी पैसे मिळतात. आपल्याकडे धारवाडच्या कृषी विद्यापीठाचं केंद्र संकेश्वरला आहे, ऊस तर दारातच आहे. अर्धा एकर न जाळता ठेवणाऱ्या शेतकऱ्याचं पहिल्या खोडव्यात उत्पन्न घटलं, तर त्याची भरपाई अनुदानाच्या अर्जातच धरलेली हवी, आणि निष्कर्ष त्याच्या हाती मराठीत आणि कन्नडमध्ये पडायला हवेत.