बोव्हेचं छत का पडलं आणि तरी आज उभं कसं आहे

पॅरिसच्या उत्तरेला बोव्हे नावाचं शहर आहे आणि तिथलं सेंट पीटरचं कथीड्रल अर्धवट आहे. म्हणजे खरोखर अर्धवट, वेदीकडचा भाग झाला, दोन बाजूचे आडवे हात झाले, पण लोकांना जमायचा जो लांबलचक हॉल असतो, ज्याला नेव्ह म्हणतात, तो कधी झालाच नाही, त्या जागी अजून 10व्या शतकातलं जुनं बुटकं चर्च तसंच उभं आहे. पण वेदीकडच्या भागात जाऊन वर बघायचं. दगडी छत जमिनीपासून जवळजवळ 48 मीटर वर, म्हणजे साधारण 16 मजली बिल्डिंग आत मावेल एवढं. गॉथिक चर्चमधलं हे जगातलं सगळ्यात उंच छत.

बोव्हे समजायचं तर आधी कमान समजायला हवी. दगड दाबाला प्रचंड सहन करतो पण ताण पडला की लगेच तडा जातो, म्हणून दगडात बांधायचं म्हणजे सगळं वजन दाबातूनच खाली जाईल असं बघायचं. कमान हेच करते, पण ती वजन फक्त खाली नाही ढकलत, बाजूलाही ढकलते. हा बाजूचा रेटा हीच सगळ्या मोठ्या चर्चची खरी डोकेदुखी. जुन्या चर्चमध्ये उपाय सोपा होता, भिंतीच जाडजूड करायच्या आणि खिडक्या लहान ठेवायच्या, त्यामुळे आत अंधार. मग 12व्या शतकात टोकदार कमान, छताच्या दगडी फासळ्या आणि बाहेरून टेकू देणाऱ्या अर्ध्या कमानी, म्हणजे फ्लाइंग बट्रेस, हे सगळं फ्रान्समध्ये एकत्र जुळून आलं. टोकदार कमान गोल कमानीपेक्षा कमी रेटा देते आणि जो काही रेटा उरतो तो फासळ्यांमधून ठरावीक जागी येतो, तिथे बाहेरून टेकू दिला की झालं. भिंतीचं ओझं वाहायचं काम संपलं आणि तिथे काचा आल्या. मुंबईत सीएसएमटीला ज्या टोकदार कमानी दिसतात त्यांचं घराणं हेच, फक्त सहा-सातशे वर्षांनी इंग्रजांनी हौसेने परत आणलेलं.

बोव्हेचं काम 1225 च्या सुमाराला सुरू झालं आणि 1272 ला वेदीकडचा भाग पूर्ण झाला. शेजारच्या आमिएं शहरातल्या कथीड्रलचं छत 42 मीटरचं, त्याच्याही वर बोव्हेवाले गेले. आणि 1284 मध्ये छताचा बराचसा भाग कोसळला.

लोक सांगतात की गर्वाचं घर खाली, फार उंच जायला गेले म्हणून पडले. मला हे पटत नाही, कारण नंतर दुरुस्ती झाली ती त्याच उंचीवर झाली आणि तेच छत आज उभं आहे. मग चुकलं कुठे? याच्यावर इंजिनियर लोकांचं एकमत नाहीये. एक म्हणणं असं की चुना फार हळू घट्ट होतो, वर्षानुवर्षं खांब थोडे थोडे दबत राहतात, त्यामुळे बांधून बारा वर्षांनी पडणं नवल नाही. 1970 च्या दशकात रॉबर्ट मार्क या अमेरिकन इंजिनियरने प्लास्टिकच्या मॉडेलवर वजनं टांगून, खास प्रकाशात ताणाचे पट्टे बघून अभ्यास केला. त्यात असं दिसलं की वाऱ्याच्या जोराने बाहेरच्या टेकूंच्या मधल्या खांबांमध्ये ताण येतो, आणि दगडाला नेमकं तेच सोसत नाही. मला हे जास्त पटतं, कारण एवढ्या उंचीवर वारा ही काही छोटी गोष्ट नाही.

दुरुस्तीला काही दशकं लागली. गवंड्यांनी प्रत्येक दोन खांबांच्या मध्ये नवा खांब घातला आणि छताचे चार भाग होते तिथे सहा केले. आज आत उभं राहिलं की खांब फार दाट वाटतात, कमानी चिंचोळ्या वाटतात, ती ही दुरुस्ती.

दुसऱ्यांदा मात्र चूक उघड होती. 1569 मध्ये मधोमध 153 मीटरचा मनोरा पूर्ण झाला, तेव्हा जगातली ती सगळ्यात उंच वास्तू. पण मनोरा उभा चार खांबांवर आणि पश्चिमेला नेव्हच नाही, म्हणजे त्या बाजूने रेटायला काहीच नाही. खांब कलायला लागले होते, हे पाहणीत दिसलंही होतं, आणि 30 एप्रिल 1573 ला मनोरा कोसळला. त्या दिवशी सणाची मिरवणूक चर्चमधून नुकतीच बाहेर पडली होती म्हणून लोक वाचले.

बाहेरच्या टेकूंना एकमेकांशी बांधणाऱ्या लोखंडी सळया होत्या, 1960 च्या दशकात त्या काढल्या, नुसत्याच लटकवल्यात असं वाटलं असणार. मग वाऱ्यात टेकू जास्त हलायला लागले आणि सळया पुन्हा बसवाव्या लागल्या, या वेळी स्टीलच्या. 1990 च्या दशकात आडव्या हातांच्या भागातही लाकूड आणि स्टीलचे मोठे आधार उभे केले.