कपास किसान ॲप, बूटलोडर आणि गूगलचा शिक्का

2025 च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर आधी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करा, असा नियम आला. वणी, पांढरकवडा, हिंगणघाटच्या पट्ट्यात घरातला फोन तेव्हापासून सातबाऱ्याइतका कामाचा झाला. ई-पीक पाहणी 2021 पासूनच फोनवर होती. पीएम किसानची केवायसी चेहरा दाखवून होते, अंगणवाडीताईंचा पोषण ट्रॅकर आणि रोजगार हमीची हजेरीही फोनवरच. आणि फोन म्हणजे बहुतेक घरांत आठ-दहा हजारांचा अँड्रॉइड.

त्याच सुमारास, ऑगस्ट 2025 मध्ये, गूगलनं जाहीर केलं की ज्या डेव्हलपरनं, म्हणजे ॲप बनवणाऱ्यानं, गूगलकडे ओळख पटवलेली नाही, त्याचं ॲप गूगलनं प्रमाणित केलेल्या अँड्रॉइड फोनवर बसणार नाही. सुरुवात सप्टेंबर 2026 मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून, आणि 2027 पासून टप्प्याटप्प्यानं बाकी जग. आरडाओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये ‘जाणकारांसाठी एक वाट ठेवू’ अशी सवलतही बोलून दाखवली. पण तोवर प्रश्न ऐरणीवर आलाच होता: गूगलवर अवलंबून नसलेली, खासगीपणा जपणारी, ओपन सोर्स (मूळ कोड सगळ्यांना खुला असलेली) सिस्टीम फोनवर टिकणार की नाही? या प्रश्नामागे अठरा-वीस वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात कोडपेक्षा कराराची आणि शिक्क्याची गोष्ट मोठी आहे.

अँड्रॉइडची घोषणा नोव्हेंबर 2007 मधली, आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला झाला. गाभा लिनक्सचा, बाकीचा बराचसा भाग अपाचे परवान्याखाली. म्हणजे कुणीही घ्यावा, बदलावा, विकावा. 2009 मध्ये स्टीव्ह कॉन्डिकनं सुरू केलेल्या सायनोजेनमॉडनं नेमकं तेच केलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गूगलची नोटीस आली. कोडबद्दल तक्रार नव्हती. जीमेल, मॅप्स, मार्केट (आताचं प्ले स्टोअर) ही गूगलची ॲप सोबत वाटायची नाहीत, एवढंच म्हणणं होतं. पुढची सगळी भांडणं याच रेषेवर झाली. खालचा पाया मोकळा, वरचा मजला मालकाचा. आणि वर्षं गेली तसं एकेक काम पायाऐवजी वरच्या मजल्यावर गेलं: नोटिफिकेशन पोचवणं, ठिकाण शोधणं, ॲपमधून पैसे घेणं, हे सगळं प्ले स्टोअर आणि प्ले सर्व्हिसेस यांच्या बंद कोडात जाऊन बसलं.

आपल्याकडे सायनोजेन दुकानात पोचलं होतं, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. डिसेंबर 2014 मध्ये मायक्रोमॅक्सनं ‘यू युरेका’ हा 8,999 रुपयांचा फोन सायनोजेन ओएससह आणला. भारतात त्याच सिस्टीमचे हक्क कुणाचे यावरून वनप्लसशी वाद झाला आणि तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. मोकळ्या सिस्टीमवरून कोर्टबाजी! कंपनी झालेलं सायनोजेन 2016 च्या अखेरीस गुंडाळलं गेलं. स्वयंसेवकांनी तोच कोड उचलून लिनिएजओएस या नावानं चालू ठेवला, आणि तो आजही चालू आहे.

दुसरी वाट होती अँड्रॉइडच टाकून देण्याची. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसचा ‘इंटेक्स क्लाउड एफएक्स’ ऑगस्ट 2014 मध्ये 1,999 रुपयांना आला. रॅम 128 एमबी. त्यात व्हॉट्सॲप नव्हतं, आणि गावात तेवढ्यावरच निकाल लागतो. डिसेंबर 2015 मध्ये मोझिलानं फोनचा नाद सोडला. उबुंटू या लिनक्स सिस्टीमचा फोन 2017 मध्ये कॅनॉनिकल कंपनीनं सोडला, तो यूबीपोर्ट्स नावाच्या स्वयंसेवक मंडळींनी दत्तक घेतला. पोस्टमार्केटओएस, पाइनफोन, लिब्रेम 5 हे फोनवर लिनक्स चालवण्याचे प्रयत्न मनापासूनचे आहेत, पण त्यांचा ग्राहक संगणक जाणणाराच राहिला. गंमत म्हणजे फायरफॉक्स ओएसचं बियाणं वाया गेलं नाही. त्यातूनच कायओएस निघालं आणि 2017 च्या जिओफोनमधून खेड्यापाड्यांत पोचलं. 2018 मध्ये त्यावर व्हॉट्सॲप आलं. मोकळेपणा मात्र वाटेत बराच गळाला होता.

खासगीपणा हा या चळवळीचा मुख्य मुद्दा झाला तो 2013 मध्ये एडवर्ड स्नोडेननं अमेरिकी पाळत उघड केल्यावर. त्याआधी कस्टम रॉम, म्हणजे कंपनीच्या सिस्टीमऐवजी दुसरी, टाकायचं ते फोन पळावा म्हणून, दिसायला छान व्हावा म्हणून. नंतरच्या पिढीतले दोन प्रकल्प महत्त्वाचे. मँड्रेक लिनक्सवाल्या गाएल दुव्हालचं ‘/ई/’ गूगल काढून त्या जागी पर्यायी सेवा देतं. सुरक्षिततेवर भर देणाऱ्या कॉपरहेडओएस या अँड्रॉइडवरच्या प्रकल्पात 2018 साली फाटाफूट झाली, आणि डॅनिएल मिके यांचं काम 2019 पासून ग्राफीनओएस या नावानं पुढे गेलं. माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात कसदार काम हेच. एखाद्या ॲपचं इंटरनेटच बंद करता येतं. ॲपनं संपर्क मागितले तर सगळी वही न देता दोनच नंबर दाखवता येतात. फोन ठरावीक तास उघडला नाही तर आपोआप रीस्टार्ट होऊन पुन्हा कुलूपबंद होतो. गूगल प्ले हवंच असेल तर तेही साध्या ॲपसारखं, कुठलाही खास अधिकार न देता, पिंजऱ्यात चालवता येतं.

पण हे सगळं चालतं फक्त गूगलच्याच पिक्सेल फोनवर. कारण बूटलोडर. फोन सुरू होताना कोणती सिस्टीम खरी मानायची हे तो ठरवतो. तो उघडून, आपली सिस्टीम टाकून, पुन्हा आपल्या डिजिटल किल्लीनं बंद करायची नीट सोय फार थोड्या कंपन्या देतात. शाओमीनं उघडण्यावर प्रतीक्षेची आणि परवानगीची बंधनं वाढवत नेली. सॅमसंगनं 2025 मध्ये वन यूआय 8 या आपल्या सिस्टीमच्या आवृत्तीसोबत बूटलोडर उघडायची सोयच काढून टाकली.

दारव्ह्याच्या आठवडी बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर एक पोरगा विचारत होता, “भाऊ, अपडेटच येऊन नाही राहिलं, दुसरं सॉफ्टवेअर मारता येते का?” भाऊनं स्क्रूड्रायव्हर खाली न ठेवता सांगितलं, “मारून देतो. पण मंग फोनपे चालन का नाही, त्याची गॅरंटी नाही.” पोरगा फोन खिशात घालून निघून गेला.

भाऊचं उत्तर तांत्रिकदृष्ट्या अगदी नेमकं होतं. पैशांची ॲप प्ले इंटिग्रिटी नावाच्या सेवेला विचारतात की हा फोन अस्सल आहे का, आणि उत्तर गूगल देतं. या तपासणीत सुरक्षितता आणि प्रमाणपत्र यांची गल्लत होते. तीन वर्षं अपडेट न मिळालेला, सुरक्षेत भोकं पडलेला जुना फोनही निदान मधल्या पायरीपर्यंत पास होतो, कारण त्यावर कंपनीचा शिक्का आहे. कालच दुरुस्त झालेली ग्राफीनओएस सगळ्यात खालच्या पायरीच्या वर नापास होते, कारण तो शिक्का नाही. मग काही बँकांची ॲप चालतात, काही नाही, आणि आज चाललेलं पुढच्या अपडेटनंतर चालेलच असं नाही.

गूगलची बाजू पोकळ आहे असं मात्र नाही. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ किंवा ‘पीएम किसान’ नावाची एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी, फाइल येते, कुणीतरी ती दाबतो आणि खातं रिकामं होतं. हे गावोगाव झालं आहे. ओळख नसलेल्या डेव्हलपरला अडवण्याचं कारण गूगल हेच सांगतं, आणि ज्याचे पैसे गेले त्याला ते पटतं. अडचण अशी की त्याच चाळणीत एफ-ड्रॉइडही अडकतं. 2010 पासून कोड तपासून, स्वतः बांधून ॲप देणारं हे भांडार आहे, आणि या नियमानं आपलं काम बंद पडेल असं त्यांनी उघड सांगितलं.

सरकारनं यात हात घातला नाही असंही नाही. सीसीआय म्हटलं की आपल्याकडे कापूसच डोळ्यासमोर येतो, पण दुसऱ्या सीसीआयनं, स्पर्धा आयोगानं, ऑक्टोबर 2022 मध्ये अँड्रॉइडच्या करारांवरून गूगलला 1,337.76 कोटींचा दंड केला. जानेवारी 2023 मध्ये आयआयटी मद्रासच्या छत्राखाली तयार झालेलं भारओएस मंत्र्यांनी चालवून पाहिलं. ते मुळात गोपनीय कामाच्या संस्थांसाठी होतं. आणि त्याच सरकारच्या दूरसंचार विभागानं 28 नोव्हेंबर 2025 रोजी प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप आधीच घालून द्यायला कंपन्यांना सांगितलं. ओरड झाल्यावर 3 डिसेंबरला माघार घेतली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालानं खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, पण फोनमध्ये आधीपासून काय असावं, हे आजही ग्राहक सोडून सगळे ठरवतात. हप्त्यावर घेतलेल्या अनेक फोनमध्ये तर दुकानातच लॉकचं ॲप पडतं. हप्ता चुकला की स्क्रीन बंद, मग कापसाचा स्लॉट असो की केवायसी.

मधल्या काळात अँड्रॉइडचा मोकळा पायाही आक्रसतो आहे. मार्च 2025 पासून अँड्रॉइडचं काम पूर्णपणे गूगलच्या आत, बंद दाराआड होतं. जूनमध्ये अँड्रॉइड 16 चा कोड आला, पण पिक्सेलवर तो बसवायला लागणाऱ्या फाइली नेहमीसारख्या आल्या नाहीत. 2026 पासून सोर्स कोड वर्षातून दोनदाच. लिनिएज आणि ग्राफीनच्या मंडळींना त्यामुळे जे आयतं मिळायचं ते आता खोदून काढावं लागतं. उलट बाजूला, पिक्सेलबाहेरच्या एका मोठ्या फोन कंपनीबरोबर काम चालू असल्याचं ग्राफीनओएसनं 2025 मध्येच सांगितलं.

शिक्क्याचा प्रश्न सुटण्यासारखा आहे, हे विशेष. अँड्रॉइडच्या आतच फोनच्या हार्डवेअरमधल्या डिजिटल किल्लीवरून सिस्टीम पडताळण्याची सोय आहे, आणि त्यासाठी गूगलला विचारावं लागत नाही. ग्राफीनओएसनं आपल्या किल्ल्यांची यादी जाहीर केलेली आहे. ॲपवाल्यानं ती आपल्या तपासणीत घातली की झालं. आपल्याकडे हे करायचं तर बँका, यूपीआय चालवणारी एनपीसीआय आणि सरकारी ॲप बांधून घेणारी खाती यांनी मनावर घ्यायला हवं, आणि त्यांच्याकडे ही मागणी कुणीतरी न्यायला हवी. हमीभाव, पीकविमा आणि दिवसाच्या विजेच्या मागण्यांखाली निवेदनात त्यासाठी जागा उरेल, असं सध्या तरी दिसत नाही.