जुन्या फोर बाय फोरचं गिअर ऑइल बदलणं (कोल्हापूर)

जुन्या जीप, मेजर, एमएम५४०, जिप्सी असल्या गाड्यांच्या गिअरबॉक्समधलं जुनं ऑइल काढून नवीन भरणं म्हणजे हे काम. कागदावर ट्रान्समिशन फ्लुइड लिहितात पण उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखाने-गॅरेजच्या भागात, मिस्त्रीला गिअर ऑइल म्हटलं की कळतं. फोर बाय फोरमध्ये (चारही चाकांना जोर मिळणारी गाडी) ऑइलची घरं चार, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी), आणि पुढचा-मागचा क्राउन, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधला डिफरन्शियल. बरेच जण एकट्या गिअरबॉक्सचं बदलून गाडी घरी नेतात आणि उरलेली तीन घरं वर्षानुवर्षं तशीच, हे चुकीचं आहे. जिप्सीत तर ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटीच असते, मधे छोटा शाफ्ट, त्यामुळं ती हमखास विसरली जाते.

ऑइल कधी बदलायचं हे ठरवताना कोल्हापुरात किलोमीटरपेक्षा पाणी महत्त्वाचं. पळून तापलेला क्राउन थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायचं छोटं भोक) किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या पुरात ज्या गाड्या बुडाल्या त्यांचं ऑइल तर लगेच बदलायलाच हवं होतं, पण गगनबावड्याकडं पावसाळ्यात ओढ्यातून गाडी घातली तरी एकदा चारही ठिकाणी बघून घ्यावं. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं म्हणजे पाणी शिरलंय, मग तारीख बघत बसू नये.

गाडी थोडी फिरवून आणायची, कोमट ऑइल सगळं उतरतं. सपाट जागेवर लावायची, तिरकी असली की लेव्हल चुकते. आणि आधी वरचा भरायचा प्लग उघडायचा, खालचा ड्रेन प्लग नंतर, हे कधीच उलटं करू नका, कारण ऑइल सांडून झाल्यावर वरचा प्लग गंजून अडकलाय कळलं तर गाडी जागेवरच. ड्रेन प्लगला धातूच्या बारीक चुऱ्याचा लगदा चालतो, गिअरच्या दाताचा तुकडा निघाला तर बॉक्स खोलायचा. भरताना वरच्या भोकातून ऑइल बाहेर ओघळायला लागलं की थांबायचं, प्लगचा वॉशर नवीन घालायचा.

ग्रेड हँडबुकात असेल तोच. पितळी सिंक्रो रिंग (गिअर अलगद पडावा म्हणून असलेली कडी) असलेल्या जुन्या गिअरबॉक्सला बहुधा जीएल-४ दर्जाचं ऑइल लागतं, क्राउनला जीएल-५, दोन्हीवर ८०डब्ल्यू-९० हा घट्टपणाचा आकडा लिहिलेला असतो म्हणून गल्लत होते, आणि जीएल-५ मधल्या गंधकाच्या अ‍ॅडिटिव्हनं पितळ खराब होऊ शकतं. गिअरबॉक्सची लेव्हल कमी आणि ट्रान्सफर केसची जास्त दिसली तर मधलं सील गेलंय, नुसतं ऑइल ओतून भागत नाही.

जळकं ऑइल गटारीत ओतू नये, ते शेवटी पंचगंगेतच जातं. डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडं द्यावं.