‘स्वतःहून आली’, मग तस्करी कसली?

पुण्यात सर्रास ऐकू येतं: बाई मर्जीने कामाला आली, दाराला कुलूपही नाही, मग मानवी तस्करी कसली? हा समज साफ चुकीचा आहे. फसवून, धमकावून किंवा आमिष दाखवून शोषणासाठी आणलं असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 नुसार पीडितेची संमती गैरलागू ठरते. कुलूप लागतच नाही. आधार कार्ड मुकादमाकडे, डोक्यावर न फिटणारी उचल (आगाऊ घेतलेले पैसे), फोनवर पाळत, तिला अडकवून ठेवायला एवढं पुरतं. मग ती वीटभट्टी असो, बंगला असो वा बुधवार पेठेतली वेश्यावस्ती.

तिच्याऐवजी दुसराच कुणी उत्तरं देत असेल, तर तिथे खोदून विचारू नका. संशय येताच तिला दुसरीकडे हलवतात. पत्ता, गाडीचा नंबर टिपा, 112 ला कळवा. मूल असेल तर 1098. ‘आमची हद्द नाही’ म्हणून पोलिसांना तक्रार नाकारता येत नाही, झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता नोंदवलेला गुन्हा, कुठल्याही ठाण्यात होतो.